घोड्याचा मुलाहिजा

मनुष्याने घोड्याला माणसाळवून चार हजारांहून अधिक वर्षे लोटली. परंतु या व्यवहारात घोड्याचीही संमती घ्यावयास हवी होती, ही गोष्ट त्याच्या ध्यानात यावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, आणि ती ध्यानात आली तीही अमेरिकेत, म्हणजे जेथे मोटारी इतक्या सुलभ झाल्या होत्या की घोड्याने संमती साफ नाकारली असती तरी कोणाची कचेरी चुकली नसती. ज्याच्यावाचून आपले अडत नाही त्याच्याशी आदराने वागणे मनुष्याला फारसे जड जात नाही. कुळकायद्यात जमिनी गेल्यानंतर कित्येक जमीनदारांना आपल्या जुन्या कुळांविषयी जो एकाएकी जिव्हाळा वाटू लागला, त्याच जातीचा हाही जिव्हाळा असावा. ते कसेही असो. आज कॅलिफोर्नियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत ‘नॅचरल हॉर्समनशिप’ या नावाने जे शिक्षणवर्ग भरतात, त्यांत घोड्यावर बसावे कसे यापेक्षा घोड्याचा विश्वास संपादावा कसा यावरच अधिक भर असतो, आणि पुष्कळ ठिकाणी आरंभी तर खोगिराला हातही लावू देत नाहीत. पैसे भरून घोड्यावर न बसण्याची ही सोय माझ्यासारख्या जात्याच सावध मनुष्याला अतिशय प्रशस्त वाटते.

पूर्वीची रीत याहून पुष्कळच सुटसुटीत होती. अमेरिकेच्या पश्चिम भागात, जेथे गुरांचे अफाट कळप राखले जात, तेथे माळावर मोकळे वाढलेले शिंगरू वयात आले की त्याला फासात अडकवीत, भक्कम खुंटाशी आवळीत, डोळ्यांवर पोते टाकीत, आणि आपल्याला एकाएकी दिसेनासे का झाले याचा ते बिचारे विचार करीत आहे तोच त्याच्या पाठीवर खोगीर कसून एक इसम वर चढे. मग पोते काढले जाई. यापुढील संभाषण उभयपक्षी अत्यंत जोरकस होई, आणि एकाची हाडे किंवा दुसऱ्याची उमेद मोडेपर्यंत चाले. हे काम करणाऱ्याला मजुरी नगावर मिळे. सबब घोड्याच्या अंतःकरणाची विचारपूस करण्यात वेळ दवडणे त्याला परवडणारे नव्हते. असा तयार झालेला घोडा हुकूम मानी, यात शंका नाही. मात्र हुकमाविषयीची आपली नाराजी तो लगोलग न नोंदविता सहा महिन्यांनी, एखाद्या निसरड्या उतारावर, धनी बेसावध असताना नोंदवी.

या रीतीविरुद्ध ज्यांनी प्रथम ब्र काढला त्यांत ऑरेगॉनकडील डॉरन्स बंधूंचे नाव अग्रभागी घेतले जाते. बिल १९०६ साली जन्मला, टॉम १९१० साली. दोघेही गुरे राखण्यात आणि घोडी फिरविण्यात वाढलेले. परंतु घोडा बिथरला असता घोड्याचे काय चुकले असे न विचारता घोड्याला काय दिसले असे विचारण्याची खोड त्यांना लागली होती. टॉमचे ‘ट्रू युनिटी’ हे पुस्तक १९८७ साली, म्हणजे त्याने पंचाहत्तरी ओलांडल्यावर, प्रसिद्ध झाले. तोपर्यंत ज्याला पुस्तक लिहिल्यावाचून राहवले त्याला आपला विषय खरोखरच कळला असला पाहिजे. त्याचा शिष्य रे हंट याने हीच विद्या गावोगाव शिबिरे भरवून सर्वसामान्यांपर्यंत नेली, आणि शिबिराच्या आरंभीच तो जाहीर करी की आपण येथे उभे आहोत ते घोड्याच्या वतीने. फी द्यावयाची घोड्याच्या धन्याने आणि वकीलपत्र मात्र घोड्याचे, असा उघड पक्षपात आपल्याकडील कोणत्याही दिवाणी न्यायालयाने चालू दिला नसता; पण रे हंटचे अशील आणि विरुद्ध पक्षकार दोघेही समाधानाने घरी जात, असे म्हणतात.

पुढे पॅट पॅरेली या गृहस्थाने या विद्येचे सात खेळ बसविले. त्यांत एक मैत्रीचा, एक साळिंदराचा, एक मागे-पुढे हलविण्याचा, अशी नावे असून, त्यांसाठी चार फूट लांबीची नारिंगी रंगाची एक छडीही मिळते. ती गाजराच्या रंगाची असून गाजर नव्हे आणि काठीच्या आकाराची असून मारावयाची नव्हे. आणि माँटी रॉबर्ट्स या कॅलिफोर्नियातील गृहस्थाचे नाव तर १९८९ साली राणी एलिझाबेथने त्याला विंडसरच्या राजवाड्यात प्रात्यक्षिकासाठी बोलाविल्यापासून जगभर झाले. विशेष हे की, १८५८ साली राणी व्हिक्टोरियासमोरही असाच एक अमेरिकन, ओहायोचा जॉन रेरी, अडेल घोडी शांत करून दाखवीत होता. इंग्लंडच्या गादीवर राणी आली की घोडी शांत करावयास अमेरिकेतून माणूस मागवावा, असा काही जुना दस्तुर असावा. रेरीची युक्ती मात्र, घोड्याचा पुढचा पाय पट्ट्याने दुमडून बांधून त्याला हळूहळू खाली बसविण्याची होती. विश्वासाच्या व्याख्येत ती बसवावयाची झाल्यास व्याख्येचाही एक पाय दुमडावा लागेल.

माँटी रॉबर्ट्सची रीत अशी. पन्नासएक फूट व्यासाचे गोल रिंगण. त्यात घोडा मोकळा. माणसाने मध्यभागी उभे राहून, खांदे ताठ करून, घोड्याच्या डोळ्याला डोळा भिडवून त्याला कडेकडेने पळवावयाचे. घोडा पळतो, कारण तो भक्ष्याच्या कुळातला प्राणी आहे, आणि रोखून पाहणारे दोन डोळे समोर आले की प्रथम पळावे आणि चौकशी मागाहून करावी, ही त्याच्या कुळाची चाल आहे. काही फेऱ्या झाल्या की माणसाच्या बाजूचा कान मध्याकडे वळून तेथेच स्थिर राहतो. फेरा आखूड होऊ लागतो. घोडा ओठ चाटतो, तोंडात काही नसताना चघळतो, आणि मान खाली घालतो. हे जाणत्यांच्या मते तहाचे बोलणे. त्या क्षणी माणसाने नजर काढून घ्यावी, खांदे सैल सोडावेत, घोड्याकडे तिरकी पाठ करून स्वस्थ उभे राहावे. आणि मग तो हजार पौंडांचा जीव, ज्याला क्षणभरापूर्वी रिंगणाबाहेर उडी घ्यावीशी वाटत होती, आपण होऊन चालत येतो आणि माणसाच्या खांद्याशी नाक नेऊन उभा राहतो. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी येते. मी पाहिलेल्या शिबिरात तर ज्यांनी फी भरली होती त्यांच्या डोळ्यांना ते अधिक आले.

हे शिबिर कॅलिफोर्नियातच, आमच्या मावसभावाच्या गावाजवळ भरले होते. हे आमचे दादा एका मोठ्या बँकेतून बऱ्याच वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. हाताखालच्या माणसांना नुसत्या चष्म्यावरून पाहून घाम फोडण्याविषयी त्यांची ख्याती होती. परंतु त्यांच्या वाट्याला आलेल्या तपकिरी घोडीने ही ख्याती ऐकलेली नसल्यामुळे, ते रिंगणात शिरताच तिने आपला पृष्ठभाग त्यांच्याकडे केला आणि कुंपणापलीकडच्या गवताचे अवलोकन आरंभिले. शिक्षिका बाहेरून शांतपणे सांगत होती की श्वास सोडा. दादांनी तो अधिक घट्ट धरला. शिक्षिकेने पुन्हा सांगितले. कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या वहिनी अखेर न राहवून म्हणाल्या, “अहो, त्या बाई नुसता श्वास सोडा म्हणताहेत, राजीनामा द्या म्हणत नाहीयेत!” यावर दादांना हसू आले, आणि ज्या क्षणी ते हसले त्या क्षणी त्यांचे खांदे दोन बोटे खाली आले, आणि घोडीचा एक कान त्यांच्याकडे वळला. शिक्षिकेच्या मते हा विश्वासाचा अंकुर होता. वहिनींच्या मते घोडीलाही त्यांचेच म्हणणे पटले होते.

या साऱ्या विद्येचे रहस्य दोन क्रियांत सामावलेले आहे: दाब आणि ढील. मोरखीची दोरी किंचित ताणावी. घोड्याने पाऊल टाकले, नव्हे, टाकण्याचा विचार करून अंगाचा भार नुसता हलविला, की तत्क्षणी दोरी सैल सोडावी. घोडा शिकतो तो ताणण्याने नव्हे, सैल सोडण्याने. कारण ‘हेच हवे होते’ असे सांगणारी दुसरी भाषा आपल्याजवळ नाही. ढील अर्ध्या क्षणाने उशिरा मिळाली तर घोडा भलतीच गोष्ट शिकतो, आणि मुळीच मिळाली नाही तर तो एवढेच शिकतो की या मनुष्याचे काहीही केले तरी समाधान होत नाही. मग तो प्रयत्न सोडून देतो. अशा घोड्याला लोक मठ्ठ म्हणतात.

आता आपले सामाजिक जीवन पाहावे. दाब देण्याची कला आपल्यात जितकी परिपक्व झाली आहे तितकी क्वचितच दुसरी झाली असेल. ढिलीचा मात्र आपल्याकडे कोठे मागमूस नाही. मुलाने सतराचा पाढा न चुकता म्हटला की मास्तर त्याला खेळावयास सोडीत नाहीत, एकोणतिसाचा म्हणावयास सांगतात. ज्या कारकुनाने आपले दप्तर वेळेपूर्वी निकालात काढले त्याच्या मेजावर दुसऱ्याचे दप्तर येऊन पडते, आणि ज्याने काहीच केले नाही तो निर्वेधपणे चहाला जातो. पंगतीत आग्रहाला मान देऊन ज्याने एक जिलबी घेतली त्याच्या पानात चार पडतात. जो हात आडवा धरून निकराने नको म्हणत राहिला, त्याच्यापुढून वाढपी नमते घेऊन निघून जातो. सभेतील वक्ता ‘शेवटचे दोन शब्द’ म्हणताच श्रोत्यांचे कान दादांच्या घोडीप्रमाणे आशेने वळतात, आणि तो नव्या मुद्द्याला हात घालतो. अशा परंपरेत वाढलेल्या मनुष्याला दोरी ताणण्याचे शिक्षण द्यावे लागत नाही. सोडावयाची केव्हा, एवढे शिकविण्यासाठीच ही शिबिरे असतात. आणि व्यवस्थापक लोकांना नेतृत्वाचे धडे देण्यासाठी आता घोड्यांच्या रिंगणात पाठविण्याची जी चाल मोठमोठ्या कंपन्यांत पडली आहे, तिचे मर्मही मला यातच दिसते. कारकुनाला राजीनाम्याची भीती असते, घोड्याला नसते.

घोड्याला मात्र ढिलीची पारख किती सूक्ष्म असते याचा दाखला बर्लिनच्या हान्स या घोड्याने दिलेला आहे. विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त गणितशिक्षकाचा हा घोडा. बेरीज, गुणाकार, अपूर्णांकसुद्धा विचारावेत आणि त्याने खुराने तितके ठोके देऊन उत्तर द्यावे. १९०४ साली विद्वानांची समिती बसली. तिला कोठे लबाडी सापडेना. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट याने छडा लावला. प्रश्नकर्त्यालाच उत्तर ठाऊक नसले की हान्स चुके. प्रश्नकर्ता दृष्टीआड गेला की हान्स चुके. घडत असे ते एवढेच की, ठोके योग्य संख्येशी पोहोचताच प्रश्नकर्त्याच्या अंगातील ताण उतरे, त्याचे डोके केसभर वर येई, आणि हान्स ठोके थांबवी. हे कळल्यानंतर खुद्द फुंग्स्टलाही ती हालचाल रोखणे साधेना. म्हणजे हान्सला गणित येत नव्हते. प्रश्नकर्ता कोणत्या क्षणी सुटकेचा निःश्वास टाकतो हे तेवढे समजत होते. गणितशिक्षकाच्या वर्गात याहून अधिक ज्ञान मिळविणारा विद्यार्थी माझ्या पाहण्यात नाही. फॉन ओस्टेनने मात्र हा निष्कर्ष अखेरपर्यंत मानला नाही. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात २०१६ साली असेही आढळून आले की, अनोळखी माणसांची रागीट मुद्रेची छायाचित्रे दाखविली असता घोडी ती डाव्या डोळ्याने पाहू लागतात आणि त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगाने वाढतात. डावी नजर ही केवळ शेजाऱ्यांची मिरास नाही, हे यावरून सिद्ध होते.

येथवर मनुष्याची प्रतिष्ठा कशीबशी टिकून होती. परंतु २०१२ साली सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी तिच्यावर अखेरचा घाव घातला. रिंगणात माणसाने उभे राहण्याऐवजी त्यांनी दुरून चालविता येणारी एक खेळण्यातली मोटार सोडली. घोडा दूर जाऊ लागला की मोटार त्याच्या मागे लागे. घोडा तिच्याकडे वळला की ती थांबे. थोड्याच वेळात घोडी त्या मोटारीशी तशीच वागू लागली जशी ती गुरूंशी वागतात. तात्पर्य, ज्याला आपण दोन आत्म्यांचा संवाद समजून डोळे पुसत होतो, त्यासाठी एका पक्षाला आत्मा असण्याची आवश्यकता नव्हती; ढील वेळेवर मिळाल्याशी कारण. या शोधाने घोडेगुरूंच्या गोटात बरीच खळबळ उडाली. मला स्वतःला त्यात मनुष्याची निर्भर्त्सना दिसत नाही. मोटारीला क्रोध येत नाही, तिला घरी लवकर जावयाचे नसते, कुंपणाबाहेर तिची पत्नी उभी नसते. एवढी सारी विघ्ने असूनही काही माणसे त्या मोटारीइतके अचूक वागू शकतात, ही गोष्ट मनुष्यजातीला भूषणावह आहे.

हे सारे आपल्याकडे पूर्वीच होते, असे म्हणणारे गृहस्थ आता पुढे सरसावतील. त्यांची कैफियतही ऐकून घेतली पाहिजे. महाभारतात नलराजाला ‘अश्वहृदय’ अवगत होते, आणि बाहुक या नावाने सारथ्य करीत असता त्याने ते ऋतुपर्णाला देऊन त्याच्याकडून ‘अक्षहृदय’, म्हणजे फाशांची विद्या, घेतली, हे खरे आहे. परंतु त्या अश्वहृदयात होते काय, याविषयी व्यासांनी मौन पाळलेले आहे. आयर्लंडमध्ये डॅनियल सलिव्हन म्हणून एक जण होऊन गेला. तो पिसाळलेल्या घोड्याबरोबर तबेल्याचे दार लावून घेई आणि काही वेळाने घोडा मेंढराप्रमाणे शांत झालेला दिसे. तोही १८१० साली आपले रहस्य बरोबर घेऊन गेला. घोड्याच्या अंतःकरणाचे ज्ञान आणि ते गुप्त ठेवण्याची बुद्धी या दोन गोष्टी बहुधा जोडीनेच जन्माला येतात. अमेरिकनांनी त्यांतील दुसरी टाकून फी आकारली, हीच त्यांची खरी क्रांती. तुर्कस्तानात हित्ती लोकांच्या राजधानीत, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या सुमाराचे, किक्कुली नामक मितान्नी अश्वशिक्षकाचे जे टिपण सापडले आहे, त्यात घोड्यांना द्यावयाच्या फेऱ्यांची गणती एक, तीन, पाच, सात, नऊ अशी आपल्या आर्यभाषेच्या थाटात केलेली आहे; अभिमान बाळगावयास ते पुरेसे आहे. पण त्यात घोडी पळवावीत किती, धुवावीत केव्हा, दाणावैरण द्यावी कोणती, एवढाच तपशील आहे. घोड्याला याविषयी काय वाटते, हा रकाना नाही. तो रकाना भरावयास ग्रीसमध्ये झेनोफोन जन्मावा लागला. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वारोहणावर लिहिताना, रागाच्या भरात घोड्याच्या वाटेस जाऊ नये, असे त्याने बजावून ठेवले आहे. तो अनुभवी सेनानी होता, आणि त्याचे हे मत दया येऊन बनलेले नसून दोन-चार वेळा खाली पडून बनलेले असावे, असा माझा तर्क आहे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, आपल्याकडे ही विद्या ग्रंथांत नव्हती आणि सरदारांतही नव्हती. ती पागेतल्या मोतद्दारापाशी होती. मराठी फौजेत शिलेदार आपल्या मालकीच्या घोड्यावर बसे आणि बारगीर सरकारी घोड्यावर. शिलेदाराला घोड्याचे प्रेम अधिक, कारण तो मेला तर जमाखर्चात खोट येई ती त्याच्या स्वतःच्या. इतिहासकारांनी या प्रेमाची निंदाही केली आहे, ती अशी की ऐन लढाईत घोडा वाचविण्याकडे शिलेदाराचे लक्ष फार. पण या दोघांच्याही घोड्यांना पहाटे उठून चंदी भिजविणारा, तोबरा बांधणारा आणि घटकाघटका खरारा करणारा मनुष्य वेगळाच होता. मोकळी घोडी एकमेकांना दातांनी खाजवितात ती विशेषेकरून मान जेथे संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्याशी; आणि तेथे खाजविले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे दक्षिण फ्रान्समधील कामार्ग घोड्यांवरील एका संशोधनात आढळून आले, ते १९९३ साली प्रसिद्ध झाले. मोतद्दाराला ठोके मोजता येत नव्हते, पण खरारा त्या जागी आला की घोडा खालचा ओठ लोंबता सोडतो हे त्याला दिसत होते, आणि हात तेथे थोडा अधिक रेंगाळू द्यावा इतके शहाणपण त्याच्यापाशी होते. त्याला प्रशस्तिपत्र कोणी दिले नाही. लढाई जिंकल्यावर वस्त्रे मिळाली ती स्वाराला.

तेव्हा अमेरिकेत लेकीकडे किंवा लेकाकडे गेले असता कोणी आग्रहाने अशा शिबिरास नेलेच, तर वाचकांनी जरूर जावे. घट्ट, बंद बूट घालावेत. घोड्याच्या अगदी समोरून किंवा बरोबर मागून जाऊ नये. त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते, पण कपाळापुढची आणि शेपटीमागची चिंचोळी जागा दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचा तो मुलाहिजा ठेवीत नाही. डाव्या खांद्याच्या रोखाने, तिरके, काही बोलत जावे, मराठी चालते. गाजर द्यावयाचे असल्यास ते बोटांत धरू नये, सपाट तळहातावर ठेवावे. कारण घोड्याला स्वतःच्या तोंडापुढचे दिसत नाही, तो ओठांनी चाचपून घेतो, आणि चाचपताना गाजर कोठे संपले व बोट कोठे सुरू झाले याची चौकशी करीत नाही.